मागे फिरल्यावरचं पाणी

आमच्या घरात एक नियम होता. घरातून निघालेलं माणूस काही विसरलं म्हणून मागे फिरलं, तर वस्तू उचलून तसंच पळायचं नाही. आत यायचं, बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग नव्यानं निघायचं. निघणं एकदा मोडलं की ते पहिल्यापासून करावं लागतं, असं आई म्हणायची. आमचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर बेंगळुरात आले आणि परत गेलेच नाहीत. वाटेत काहीतरी विसरले असतील, मागे फिरायचा कंटाळा केला असेल आणि इथेच राहिले असतील, असं मी वर्गात सांगायचे. मुलं हसायची.

मी भूगोल शिकवायचे. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. जयनगरमध्ये आमचं जुनं दोन मजली घर आहे. खाली भाडेकरू राहतात, वर मी. लग्न केलं नाही, त्याची कारणं लोकांनी इतकी शोधून ठेवली आहेत की मला वेगळी द्यावी लागत नाहीत. भावाची नोकरी बदलीची होती, म्हणून त्याची मुलगी शाळा-कॉलेजसाठी माझ्याकडे राहिली. तिचे केस मी विंचरले, तिचे नकाशे मी तपासले, तिच्याशी भांडणंही मीच केली. भाऊ-वहिनी आता नाहीत. ती लग्न होऊन एचएसआर लेआउटला राहते. अंतर म्हणाल तर फार नाही, पण सिल्क बोर्डच्या चौकातल्या गर्दीत माणसाचा अर्धा जन्म जातो, त्यामुळे येणं होतं ते महिन्यातून एखाद्या रविवारी.

रविवारी ती येते तीच मुळी घाईत. जेवते, माझ्या फोनमध्ये काहीतरी दुरुस्त करते, माझ्या गोळ्या बघते, आणि परतीची गाडी बुक करून उभी राहते. पण ती लहानपणापासून विसरभोळी. चार्जर, छत्री, गॉगल, मी दिलेला चटणीचा डबा, काहीतरी राहतंच. गेटपाशी गेल्यावर आठवतं. मग जिन्यावर तिची पावलं वाजतात आणि ती आत येऊन न सांगता त्या वेताच्या खुर्चीत बसते. मी पाणी देते. ती दोन-तीन मिनिटं असतात, पण त्यात ती माझी असते. गाडी खाली थांबलेली, काम सगळं संपलेलं, बोलायचं असं काही नाही. एकदा ती त्या खुर्चीत बसून नुसतं म्हणाली होती, “घराला अजून तोच वास येतो.” मी तिची वस्तू कधी लपवली नाही. पण टेबलावर चार्जर दिसला तरी खिडकीतून हाक मारली नाही, एवढं खरं.

एका रविवारी तिनं सांगितलं की ती आणि नवरा अंदमानला चाललेत आणि मीही यायचं आहे. नवरा पुण्याचा, मनानं चांगला, मराठी बोलतो पण निम्मं इंग्रजीत. तो म्हणाला, “आत्या, चला ना, तुम्हाला पण चेंज होईल.” मी आधी नाही म्हटलं, कारण बोलावणाऱ्याला दोनदा बोलवायला लावावं अशी आमची रीत. त्यांनी दुसऱ्यांदा बोलावलं आणि मी बॅग भरायला घेतली.

बॅगेआधी मी अभ्यास केला. अंदमानच्या बाजूला जमिनीखाली दोन प्लेटा एकमेकींवर रेलून बसल्या आहेत, हे मी तीस वर्षं फळ्यावर काढत आले होते. वीस-एक वर्षांपूर्वीच्या त्या लाटेनं तिथं काय केलं, तेही वर्गात सांगितलं होतं. तेव्हा मुलं खिडकीबाहेर बघायची. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवर बसून सुनामीची भीती कुणाला वाटणार? आता मी स्वतः खाली उतरून समुद्राच्या कडेला झोपणार होते. मी जावयाला विचारलं, हॉटेलपासून उंच जागा किती लांब आहे? तो म्हणाला, आत्या, प्रॉबॅबिलिटी बघा ना. मी म्हटलं, छत्री घेताना तुम्ही प्रॉबॅबिलिटी बघता का? तो म्हणाला, हो, ॲपवर बघतो.

बेट सुंदर होतं, ते मी नाकारत नाही. पाणी इतकं स्वच्छ की आपल्याच पायांची बोटं परकी वाटावीत. पण सहलीला गेल्यावर एकटं माणूस जास्त एकटं पडतं, हे मला तिथं कळलं. माझी खोली वेगळी, त्यांची वेगळी. ते उशिरा उठायचे, म्हणून नाश्ता मी एकटीच करायचे. ते पाण्यात गेले की मी वाळूत त्यांच्या चपला, टॉवेल आणि फोन राखत बसायचे. मध्येच भाची ओली येऊन विचारायची, “आत्या, सगळं सरी ना?” कानडीत सरी म्हणजे ठीक. मीही म्हणायचे, सरी. हॉटेलचा मॅनेजरही तेच विचारायचा, फक्त हिंदीतून. तिची काही चूक नव्हती. नव्या संसारातली माणसं आपल्या दोघांत रमलेली असतात आणि तशीच असावीत. मला मात्र रोज संध्याकाळी घरचा जिना आठवायचा.

पोचलो त्याच दिवशी मी दोघांना ओढत टेकडीवरच्या शाळेपर्यंत चालत नेलं होतं. हॉटेलमागून एक वाट वर जात होती, कडेला लाट आणि पळणारा माणूस काढलेली पाटी होती. जावयानं पाटीजवळ उभं राहून पळण्याच्या पवित्र्यात फोटो काढून घेतला. वर पोचल्यावर मी शाळेच्या ओसरीकडे बोट दाखवून म्हटलं, काही झालं तर आपण इथं भेटायचं. जमीन जोरात आणि बराच वेळ हलली, की भोंग्याची वाट बघायची नाही, सुटायचं. समुद्र एकाएकी मागे सरला तर शंख वेचायला खाली जायचं नाही. गाडी काढायची नाही, पायी चढायचं. बॅगा गेल्या तर गेल्या. आणि पहिली लाट ओसरली म्हणून उतरायचं नाही, नंतरची मोठी असू शकते, सरकारी माणसानं सांगेपर्यंत वरच बसायचं.

“आणि मुख्य म्हणजे,” मी म्हटलं, “कुणी कुणाला शोधत फिरायचं नाही. जो जिथं असेल तिथून त्यानं थेट इथं यायचं. मीसुद्धा येईन. माझ्यासाठी कुणी थांबायचं नाही.”

भाची म्हणाली, सरी टीचर. जावई फोनमध्ये फोटो बघत होता. पालथ्या घड्यावर पाणी, असं मी मनाशी म्हटलं. पण ते शेवटचं वाक्य बोलताना माझ्या मनात आलं की आपण हे उगाच सांगतोय, आपल्याला शोधायला कोण येणार आहे? आणि त्या विचाराची माझी मलाच लाज वाटली.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी मी खोलीच्या पायरीवर चहा घेऊन बसले होते. ते दोघं त्या दिवशी नवल म्हणून लवकर उठून किनाऱ्यावर फिरायला गेले होते. आधी कुत्री भुंकली. मग कपातला चहा बशीत सांडला आणि मला वाटलं, माझा हात थरथरतोय. पण वारा नसताना माडही हलत होते आणि आतल्या मोरीत बादली सरकल्याचा आवाज आला. मी खांब धरला. जमीन हलत राहिली. फळ्यावर मी इतक्या वेळा काढलेली गोष्ट माझ्या पायाखाली आली होती. आता थांबेल, आता थांबेल असं म्हणत मी उभी राहिले आणि ती बऱ्याच वेळानं थांबली.

पुढे काय करायचं ते मला पाठ होतं. तरीही माझे पाय आधी समुद्राकडेच वळले. ती तिकडे होती. जेमतेम झाडांच्या पलीकडे, हाकेच्या टप्प्यात असेल असं वाटलं. मी दोन हाका मारल्याही. उत्तर आलं नाही. मग मी स्वतःला म्हटलं, बाई, नियम तू केलास. ती तुझ्या शब्दावर वर निघाली असेल आणि तू खाली गेलीस तर ती वर बसून तुझ्या नावानं रडेल. मी चपला घातल्या, दार नुसतं ओढून घेतलं आणि वाटेला लागले. पर्स घेतली नाही, गोळ्या घेतल्या नाहीत. आयुष्यात इतक्या मोकळ्या हातानं मी कधी कुठं निघाले नव्हते.

वाटेत काही पाहुणे उभे राहून समुद्राचा व्हिडिओ काढत होते. त्यांना मी शाळेतल्या आवाजात हिंदीतून दरडावलं आणि ते निमूट चालू लागले. चढताना गुडघे बोलत होते. मी मागे वळून बघत नव्हते, कारण बघितलं असतं तर उतरले असते.

शाळेच्या ओसरीवर गावातली माणसं आधीच जमली होती. बायकांच्या कडेवर पोरं, म्हाताऱ्यांच्या हातात रेडिओ. जो तो आपली माणसं मोजत होता. एक बाई सगळ्यांच्या डोक्यावर हात ठेवत पुन्हा पुन्हा मोजत होती. मी खांबाला टेकून बसले. मला मोजायला कुणी नव्हतं आणि मोजावीत अशी माझी दोन माणसं तिथं नव्हती. फोन लागत नव्हता. समुद्र दिसत होता तो रोजच्यासारखाच निळा, आणि त्याचाच मला राग येत होता.

मग जावई आला. एकटा. धापा टाकत आला, मला बघून गुडघ्यांवर हात टेकून वाकला आणि त्यानं विचारलं, “ती नाही आली?”

मी नकारार्थी मान हलवली. तो तुटक तुटक सांगत राहिला, तेव्हा कळलं की दोघं मिळूनच वर निघाले होते. अर्ध्या वाटेवर तिच्या मनानं घेतलं की आत्या खोलीतच राहिली, तिला चढवणार नाही, तिला गोळ्या लागतात. यानं अडवलं तर म्हणाली, तू वर जाऊन बघ, मी खाली बघते, असा वेळ वाचेल. सॉफ्टवेअरमधली माणसं ही, काम वाटून घेतात. आणि ती पळत खाली गेली होती. मी कुठल्या वळणावर होते तेव्हा? वाट एकच होती. बहुतेक मी त्यांच्या पुढेच वर चढत होते, आणि मी मागे वळून बघत नव्हते.

तो पुन्हा खाली निघाला. मी त्याचं मनगट धरलं. “जाऊ नकोस,” मी म्हटलं, “ती येईल. तू गेलास आणि ती आली, तर ती पुन्हा तुला शोधायला जाईल.” त्यानं हात सोडवून घेतला नाही. तोवर आम्ही एकमेकांशी अहो-जाहोच्या अंतरावरून बोलत आलो होतो. तिथं मात्र आम्ही एकाच खांबाला टेकून, मी त्याचं मनगट धरून, वाटेच्या वळणाकडे बघत बसलो. त्याचे ओठ हलत होते. माझा जीव असा टांगणीला लागलेला मला आठवत नाही, भाऊ दवाखान्यात होता तेव्हाही नाही. मी लाटेचा आवाज ऐकायचा प्रयत्न करत होते आणि ऐकू येऊ नये म्हणून काहीबाही पुटपुटतही होते.

खरं सांगायचं तर त्याच वेळी माझ्या आत दुसरंही काहीतरी हललं. ती मला शोधायला गेली होती. मी जीव तोडून मना केलं होतं, तरी गेली होती. भीती वाटत होती आणि त्याच भीतीत कुठेतरी ऊबही होती. माणूस असं असतं. मला तिच्या मूर्खपणाचा संताप आला आणि त्याच मूर्खपणासाठी मी इतकी वर्षं ताटकळले होते, हेही कळलं.

ती आली. वळणावर आधी तिचे केस दिसले, मग ती. एका हातात माझ्या गोळ्यांची पिशवी, दुसऱ्या हातात हॉटेलची पाण्याची बाटली, निम्मी संपलेली. मला बघून ती उभ्या जागी खाली बसली आणि रडायला लागली. मी जवळ गेले. ती म्हणत होती, मोरीत बघितलं, पलंगाच्या मागे बघितलं, तू कुठे नव्हतीस. नवऱ्यानं विचारलं, मग एवढा वेळ काय करत होतीस?

ती डोळे पुसत, अगदी साधेपणानं म्हणाली, “मागे फिरले होते ना. स्वल्प बसले, पाणी प्यायले, मग निघाले.”

तो हसायला लागला. सुटकेचं हसणं होतं ते, त्याला बोल नाही लावत. आजूबाजूचे दोघं-चौघं त्याला बघून हसले. मला हसू आलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती खोली आली, समुद्राकडे उघडणारं ते दार, आणि पलंगाच्या कडेवर टेकून, मी शिकवल्यासारखं, नीट बसून पाणी पिणारी माझी मुलगी. आपलेच दात आणि आपलेच ओठ. भूकंप, लाटा, प्लेटा सगळं शिकवलं होतं मी तिला. वेळ आली तेव्हा तिला त्यातलं हे पाणीच तेवढं आठवलं.

लाट आली नाही. दुपार कलल्यावर पोलिसांनी येऊन धोका नाही असं सांगितलं आणि आम्ही उतरलो. मोरीतली बादली सरकून दाराला लागली होती, एवढंच काय ते नुकसान. टेबलावर पेला होता, त्याच्या काठाला तिच्या ओठांचा ठसा.

बेंगळुरात आल्यावर त्या गोष्टीचा किस्सा झाला. एचएसआरला त्यांच्या घरी मित्रमंडळी जमली होती, जावयाच्या मारतहळ्ळीच्या ऑफिसातलीही होती. जावयानं तो रंगवून सांगितला, मी शाळेच्या आवाजात कशी ओरडले, त्याचं मनगट कसं धरलं, आणि शेवटी ते पाणी. सगळे खूप हसले. भाचीही हसली. एका मुलीनं मला म्हटलं, आंटी, यू आर सो क्यूट. मी हातातली बशी धरून हसल्यासारखं केलं. त्या हसण्यात मी एकटीच अजून टेकडीवर होते. परतताना त्यांनी मला गाडीत बसवलं, दार लावलं, आणि हात हलवून आत गेले.

घरी आल्यावर मी त्या वेताच्या खुर्चीकडे बघितलं. तो नियम मोडायला हवा, हे मला कळत होतं. कळत होतं तसं नकोसंही वाटत होतं. ती सारखी किनाऱ्यावर जाणार थोडीच आहे, असं मी स्वतःला समजावलं. पण आग काय, भूकंप काय, जयनगरातही काही होऊ शकतं. आणि असल्या वेळी माणूस विचार करत नाही, अंगात मुरलेलं तेच करतं. ते मुरवलेलं माझं होतं, तेव्हा काढायलाही मीच हवी होते. माझ्याकडे तिचं म्हणून उरलेलं तेवढंच होतं, ही गोष्ट वेगळी.

पुढच्या रविवारी ती आली. जेवली, फोन बघितला, गोळ्या मोजल्या, निघाली. चार्जर भिंतीलाच राहिला. मी तो बघितला आणि हाक मारली नाही, कारण या वेळी ती मागे फिरायला हवी होती. जिन्यावर पावलं वाजली. माझ्या हातांनी सवयीनं पेला भरलासुद्धा. तो टेबलावर ठेवून, चार्जर घेऊन मी दारात जाऊन उभी राहिले.

ती चपला काढायला लागली. मी म्हटलं, “काढू नकोस. हा घे आणि चालायला लाग.”

“पाणी?”

“नाही. आजपासून नाही. जे घ्यायला आलीस ते घ्यायचं आणि निघायचं. आणि तिथं होतं तसं काही झालं तर मागे फिरायचंच नाही. माझ्यासाठीसुद्धा नाही.”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला सगळं समजलं, हे मला दिसलं. लहानपणी गणित सुटल्यावर ती असंच बघायची. मग खालच्या आवाजात म्हणाली, “आत्या, मग मी तुझ्याकडे बसायचं कधी?”

“बसायचं असेल तेव्हा बसायला ये,” मी म्हटलं.

खाली गाडीवाल्यानं हॉर्न दिला. ती म्हणाली, सरी. माझ्या हातातून चार्जर घेतला, एक क्षण माझी बोटं धरली, आणि जिना उतरली. मी खिडकीशी गेले नाही. गाडी गेल्याचा आवाज आला, मग खालच्या भाडेकरूचा टीव्ही ऐकू यायला लागला.

भरलेला पेला टेबलावर तसाच होता. मी त्या वेताच्या खुर्चीत बसले आणि ते पाणी मीच प्यायले. सावकाश प्यायले. मला कुठे निघायचं नव्हतं.